जुन्या चित्रपटांचा मारेकरी कोण? : मूकपट व आरंभीच्या बोलपटांच्या नाशाचा एक तपास

सारांश :
भारतात १९१३ ते १९३४ या काळात निर्माण झालेल्या तेराशेहून अधिक मूकपटांपैकी आज पूर्ण वा अपूर्ण स्वरूपात तीसच्या आसपासच उपलब्ध आहेत. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) तर पूर्णपणे नाहीसा झाला आहे. या नाशास जबाबदार कोण, हा प्रश्न प्रस्तुत लेखात रहस्यकथेच्या पद्धतीने, म्हणजे मृताची ओळख, संशयित, हत्यार व हेतू या क्रमाने तपासण्यात आला आहे. नायट्रेट व ॲसिटेट फितींचे रासायनिक गुणधर्म, चांदीसाठी झालेली विक्री, वितरण व्यवस्था आणि हवामान या घटकांचा विचार करून चित्रपट जतनाचे तत्त्व स्पष्ट केले आहे. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांतील दृक्‌श्राव्य ठेव्याच्या दृष्टीने त्याचा अर्थही शेवटी मांडला आहे.

बीजशब्द : मूकपट, नायट्रेट फीत, ॲसिटेट फीत, चित्रपट जतन, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, मार्कंडा.

प्रस्तावना :
गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडा येथे प्राचीन मंदिरसमूह आहे. येथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते. सोळाव्या वर्षी मृत्यू निश्चित असलेल्या मार्कंडेयाने शिवलिंगाला मिठी मारली आणि यमाला रिकाम्या हाताने परतावे लागले, ही पुराणकथा या स्थानाशी जोडली जाते. महाशिवरात्रीच्या यात्रेत दूरदूरच्या गावांतून येणाऱ्या भाविकांना ती तोंडपाठ असते. खुद्द मंदिराची कथाही काहीशी तशीच आहे. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी वीज पडून मुख्य मंदिराच्या शिखराचा भाग कोसळला असे सांगितले जाते. तरीही मंदिर उभे राहिले. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७० च्या दशकात या समूहाचे वर्णन आपल्या अहवालात नोंदवले आणि पुढे त्याच्या संरक्षणाची जबाबदारी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आली.

दगडावर वीज पडली तरी दगड उरतो. त्याचे तुकडे गोळा करता येतात, त्यांवर क्रमांक घालता येतात आणि ते पुन्हा जागेवर बसवता येतात. चित्रपटाचे तसे नाही. हजार वर्षांपूर्वीचे शिल्प मार्कंड्यात आजही पाहता येते. परंतु शंभर वर्षांपूर्वी मुंबई, नाशिक व कोल्हापूर येथे तयार झालेले बहुसंख्य चित्रपट पाहता येत नाहीत. शंभर वर्षांची वस्तू नाहीशी व्हावी आणि हजार वर्षांची टिकावी, हा प्रकार संशयास्पद आहे.

मराठी वाचकाला संशयास्पद मृत्यूचा तपास नवा नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार व काळापहाड यांनी कित्येक पिढ्यांना तपासाची गोडी लावली. तपासाचे नियमही सर्वांना ठाऊक आहेत. प्रथम मृताची ओळख पटवावी, नंतर संशयितांची यादी करावी, हत्यार व हेतू शोधावा, आणि जो पहिल्या पानापासून दोषी वाटतो त्याच्यावर सहसा विश्वास ठेवू नये. प्रस्तुत विवेचनात हेच नियम पाळण्यात आले आहेत.

उद्दिष्टे :
१. जुने भारतीय, विशेषतः महाराष्ट्रात निर्माण झालेले चित्रपट नष्ट होण्याची कारणे स्पष्ट करणे.
२. याबाबत प्रचलित असलेल्या गैरसमजांची तपासणी करणे.
३. जे चित्रपट वाचले ते कोणत्या कारणांनी वाचले याचा शोध घेणे.
४. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील घरगुती व संस्थात्मक दृक्‌श्राव्य ठेव्याच्या जतनासंबंधी निष्कर्ष मांडणे.

१. मृतांची यादी :
कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्यावर ‘सैरंध्री’ हा मूकपट तयार केला आणि तो १९२० मध्ये पुण्यात प्रदर्शित झाला. त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके हुबेहूब होते की प्रेक्षक भयभीत झाले आणि पुढे त्या दृश्याला कात्री लागली. लोकमान्य टिळकांनी पेंटर यांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरविले. पडद्यावरचा तो खून खोटा होता. कीचकाची भूमिका करणारा नट खेळ संपल्यावर सुखरूप घरी गेला असणार. खरा बळी ठरला तो चित्रपटच. ‘सैरंध्री’ आज उपलब्ध नाही.

अशा बळींची यादी मोठी आहे. पेंटर यांचाच ‘सावकारी पाश’ (१९२५) हा शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणावरील मूकपट भारतीय वास्तववादी चित्रपटांचा आरंभ मानला जातो. तो मूकपटही हरवला आहे. त्याच कथेवर त्यांनी १९३६ मध्ये केलेला बोलपट मात्र शिल्लक आहे. दादासाहेब फाळके यांच्या ‘लंकादहन’ (१९१७) या लोकप्रिय चित्रपटाचा केवळ काही अंश उरला आहे. या चित्रपटात अण्णा साळुंके यांनी राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या. फाळके यांचा ‘कालिया मर्दन’ (१९१९) त्या मानाने सुदैवी ठरला. त्याचा बराच भाग टिकला असून फाळके यांची कन्या मंदाकिनी त्यात बालकृष्णाच्या भूमिकेत आजही दिसते.

यादीतील सर्वांत प्रसिद्ध नाव ‘आलम आरा’ हे होय. आर्देशिर इराणी यांनी निर्माण केलेला हा पहिला भारतीय बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. त्याची स्थिरचित्रे व जाहिराती आहेत, त्यातील गाण्यांची माहिती आहे. पण ज्या चित्रपटाने भारतीय पडद्याला वाचा दिली त्याचा एक शब्दही आज ऐकता येत नाही.

२. खोटा सुगावा :
रहस्यकथेत आरंभीच एखादी व्यक्ती रक्ताने माखलेल्या हातांनी सापडते आणि सारे तिच्याकडे बोट दाखवतात. जुन्या चित्रपटांच्या बाबतीत ही जागा पुण्यातील आगीने घेतली आहे. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटच्या आवारातील नायट्रेट फितींच्या साठ्याला आग लागली आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची तेथे ठेवलेली अनेक जुनी रिळे जळून गेली. ही हानी खरी व गंभीर होती. मात्र त्यानंतर ‘आलम आरा’ची शेवटची प्रतही याच आगीत जळाली, असे वृत्तपत्रांतून वारंवार लिहिले गेले आणि अनेकांनी ते प्रमाण मानले.

हे विधान टिकत नाही. संग्रहालयाच्या जडणघडणीत आयुष्य घालवलेले पी. के. नायर यांनी स्पष्ट केले होते की ‘आलम आरा’ संग्रहालयाच्या हाती कधी आलाच नव्हता. जी वस्तू घटनास्थळी नव्हती तिचा त्या घटनास्थळी मृत्यू होऊ शकत नाही. नायर यांच्या आठवणीनुसार, चित्रपटाची काही रिळे निर्मात्याच्या कुटुंबाकडे होती, परंतु ती चांदी काढण्यासाठी दिली गेल्याचे त्यांना पुढे कळले. म्हणजे आगीच्या कितीतरी वर्षे आधीच ‘आलम आरा’चा अंत झाला होता, आणि तोही कोणताही गाजावाजा न होता.

येथे दोन बाबी लक्षात घेणे आवश्यक आहे. पहिली अशी की, मोठी व दृश्य दुर्घटना साऱ्या दोषाची धनी होते आणि दैनंदिन, निःशब्द नाश नजरेआड राहतो. दुसरी अशी की, २००३ च्या आगीत जळालेल्या ज्या चित्रपटांच्या प्रती पूर्वीच सुरक्षित फितीवर उतरवून घेतल्या होत्या, ते चित्रपट आगीनंतरही जिवंत राहिले. मूळ फीत गेली ही हानी भरून येण्यासारखी नसली तरी चित्रपट पाहता येतो. दुसरी प्रत कोठेच नव्हती अशांच्या बाबतीत मात्र आग हा शेवट ठरतो.

३. संशयित पहिला : नायट्रेट
चित्रपटाची फीत तीन गोष्टींची बनते : लवचीक पारदर्शक आधार, त्यावर जिलेटिनचा थर, आणि त्या थरातील चांदीचे सूक्ष्म कण. कृष्णधवल चित्रातील काळेपणा म्हणजे हे कण होत. १९५० च्या दशकाच्या आरंभापर्यंत व्यावसायिक ३५ मिलिमीटर फितीचा आधार मुख्यतः सेल्युलोज नायट्रेटचा असे. हा पदार्थ पारदर्शक, मजबूत आणि पडद्यावर अतिशय देखणा असतो. रासायनिकदृष्ट्या मात्र तो स्फोटक बंदुकीच्या कापसाचा सख्खा भाऊ आहे.

नायट्रेट पेटले की ज्वलनास लागणारा प्राणवायू ते स्वतःच पुरवते. त्यामुळे पाणी टाकून वा झाकून ते विझवता येत नाही. मात्र आग लागण्यापूर्वीच त्याचा ऱ्हास सुरू झालेला असतो. हवेतील उष्णता व ओलावा यांमुळे त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड बाहेर पडतात, ओलाव्याशी मिळून त्यांचे आम्ल होते आणि ते आम्ल पुढील विघटनाचा वेग वाढवते. प्रथम चित्र फिके पडते, मग फीत चिकट होते, तिच्यावर मधासारखे बुडबुडे येतात, नंतर सारे रीळ एकसंध गोळा बनते आणि शेवटी डब्यात उरते ती तपकिरी पूड. मृतदेहच नाहीसा करणारा असा मारेकरी रहस्यकथेतही विरळाच.

अशा कुजलेल्या नायट्रेटचा ज्वलनबिंदूही खाली येतो. सुमारे ४१ अंश सेल्सिअस तापमानात ते दीर्घकाळ राहिल्यास स्वतःहून पेटू शकते. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील लिटल फेरी येथे जुलै १९३७ मध्ये उष्णतेच्या लाटेत फॉक्स कंपनीच्या साठ्याने असाच पेट घेतला आणि तिच्या मूकपटांचा मोठा भाग नष्ट झाला. चंद्रपूरच्या वाचकाला ४१ अंश हा आकडा किरकोळ वाटेल. येथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि पत्र्याच्या छपराखालील खोली त्याहून तापते.

४. संशयित दुसरा : ॲसिटेट
नायट्रेटचा धोका ओळखून ‘सुरक्षित फीत’ म्हणून सेल्युलोज ॲसिटेट वापरात आले. त्याचा त्रिॲसिटेट हा प्रकार १९४८ मध्ये ईस्टमन कोडॅक कंपनीने बाजारात आणला. हा पदार्थ भडकून पेटत नाही. त्यामुळे पोलीस आले व गाव निर्धास्त झाले, असे वाटले. पुढे आढळले की पहारेकरीही निर्दोष नव्हता.

ॲसिटेटही उष्णता व ओलाव्याने विघटित होते. त्यातून ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधील आम्ल, बाहेर पडते. डबा उघडताच नाकात शिरणाऱ्या आंबट वासावरून या विकाराला ‘व्हिनेगर सिंड्रोम’ असे नाव पडले. फीत आकसते, वाकडी होते, ठिसूळ बनते आणि जिलेटिनचा थर आधारापासून सुटू लागतो. बाहेर पडलेले आम्ल शेजारच्या निरोगी रिळांनाही बाधते. त्यामुळे एका डब्याचा आजार साऱ्या कपाटात पसरू शकतो.

या विकाराची कोडॅक कंपनीकडे पहिली तक्रार त्रिॲसिटेट फीत बाजारात आल्यापासून दशकभरात पोहोचली, आणि ती भारत सरकारकडून होती. उष्ण व दमट हवेत ठेवलेल्या फिती खराब होत असल्याचे येथील अधिकाऱ्यांच्या ध्यानात प्रथम आले. थंड देशांत जे घडण्यास अनेक दशके लागली ते भारतीय हवामानाने काही वर्षांतच घडवून दाखवले. यावरून फितीचा आधार व हवामान हे दोन संशयित एकमेकांच्या साहाय्याने काम करतात, हे स्पष्ट होते.

याच्या उलट पुरावा कॅनडातून मिळतो. युकॉन प्रदेशातील डॉसन सिटी हे गाव वितरणमार्गाच्या शेवटी असल्याने तेथे पोहोचलेली रिळे परत पाठवणे कोणासही परवडत नसे. १९२९ मध्ये त्यांचा एक साठा जुन्या जलतरण तलावाच्या भरावात टाकण्यात आला. १९७८ मध्ये बांधकामासाठी खोदताना तेथे पाचशेहून अधिक नायट्रेट रिळे सापडली. कायम गोठलेल्या जमिनीने त्यांना जवळपास अर्धशतक सांभाळले होते. फेकून दिलेले वाचले आणि गोदामात मानाने ठेवलेले मेले. फरक केवळ थंडीचा होता.

५. संशयित तिसरा : चांदी आणि रिकामे होणारे गोदाम
रसायने मारू शकतात, पण त्यांना हेतू नसतो. हेतूचा शोध घेऊ लागल्यास तपास प्रयोगशाळेतून बाजारात येतो.

मूकपटांच्या काळात चित्रपटाकडे नाशवंत मालाप्रमाणे पाहिले जाई. शहरात काही आठवडे, नंतर लहान गावांत काही महिने आणि शेवटी तंबूतील फिरत्या टॉकीजमधून जत्रा-यात्रांत, असा एका प्रतीचा प्रवास असे. प्रत्येक खेळात फितीवर ओरखडे पडत, तुटलेला भाग कापून जोड दिला जाई आणि चित्रपट थोडा थोडा आखूड होत जाई. महाराष्ट्रातील जत्रांमध्ये फिरणाऱ्या अशा टॉकीजचे अखेरचे दिवस शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) या माहितीपटात पाहावयास मिळतात. लाखो ग्रामीण प्रेक्षकांना सिनेमा दाखवण्याचे मोठे कार्य या व्यवस्थेने केले. त्या कार्यात प्रती झिजल्या, यात दोष कोणाचाच नाही.

दोष पुढच्या टप्प्यावर संभवतो. १९३१ नंतर बोलपटांची लाट आली आणि मूकपटांना गिऱ्हाईक उरले नाही. गोदामाचे भाडे मात्र चालूच होते. डब्यांत आग लागणारा, जागा अडवणारा, दुर्गंधी सुटलेला माल पडून होता आणि दारात भंगारवाला उभा होता. कृष्णधवल फितीतील चांदी काढून विकता येई. चित्रपटाला बाजारात किंमत नव्हती, पण त्यातील धातूला होती. ‘आलम आरा’चा अंत असा झाला असेल, तर तो एकटा नव्हता. अनेक चित्रपटांचे मृत्युपत्र भंगाराच्या पावतीवर लिहिले गेले.

या व्यवहारात कोणी खलपुरुष दिसत नाही. अनेक निर्माते कर्जबाजारी झाले होते. चित्रपट हा राष्ट्रीय ठेवा आहे असे सांगणारी संस्थाही तेव्हा देशात नव्हती. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना पुण्यात फेब्रुवारी १९६४ मध्ये झाली. ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाल्यानंतर अर्धशतक उलटले होते, आणि तपास अधिकारी घटनास्थळी पोहोचेपर्यंत बहुतेक पुरावा वितळवून झाला होता.

६. ओळख न पटलेला मृत :
या प्रकरणात एक असाही मृत आहे की ज्याचे नाव निश्चित सांगता येत नाही. फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईतील गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात सर्वांसाठी प्रदर्शित झाला. चार रिळे व सुमारे ३,७०० फूट असा त्याचा विस्तार होता. ३५ मिलिमीटर फितीच्या एका फुटात १६ चौकटी असतात. म्हणजे एकूण सुमारे ५९,००० चौकटी झाल्या. हरिश्चंद्राच्या भूमिकेत दत्तात्रय दामोदर दाबके, तर तारामतीच्या भूमिकेत अण्णा साळुंके होते.

आज या चित्रपटाचे पहिले व शेवटचे रीळ उपलब्ध असल्याचे मानले जाते. परंतु फाळके यांनी १९१७ मध्ये त्याच कथेवर ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट पुन्हा निर्माण केला होता. उपलब्ध भाग १९१३ चा नसून १९१७ चा आहे, असे काही चित्रपट इतिहासकारांचे मत आहे. संग्रहालयाने तो १९१३ चाच मानला आहे. निर्माता तोच, कथा तीच आणि पोशाखांची धाटणीही सारखी. त्यामुळे जुळ्या भावंडांपैकी नेमके कोण सापडले हे ठरवणे अवघड होते.

अशा वेळी फितीच्या कडेवरील उत्पादकाच्या खुणा, छिद्रांची ठेवण, उपशीर्षकांचे अक्षरवळण यांसारखे पुरावे तपासले जातात. त्यांतील कित्येक मूळ फितीवरच स्पष्ट असतात आणि दुसऱ्या प्रतीत पूर्णपणे उतरतीलच असे नाही. म्हणून प्रत काढल्यानंतरही मूळ फीत फेकून देऊ नये, हे जतनशास्त्राचे एक महत्त्वाचे तत्त्व आहे. प्रत चित्रपटाला वाचवते, तर मूळ फीत त्याची ओळख वाचवते.

हरिश्चंद्राच्या कथेचे नशीब मात्र बलवत्तर ठरले. प्रभात फिल्म कंपनीने याच कथेवर ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हा आरंभीचा मराठी बोलपट काढला आणि तो सुदैवाने टिकला आहे. गोविंदराव टेंबे व दुर्गा खोटे यांचा आवाज त्यामुळे आजही ऐकता येतो.

७. जे वाचले ते कसे वाचले? :
मार्कंडेयाच्या कथेत मृत्यू टळतो तो घट्ट धरून ठेवल्यामुळे. चित्रपटांच्या बाबतीतही बचावाची कथा बहुधा अशीच, कोणी तरी धरून ठेवल्याची आहे.

पी. के. नायर १९६५ मध्ये संग्रहालयात रुजू झाले, १९८२ मध्ये संचालक झाले आणि १९९१ मध्ये निवृत्त झाले. या काळात त्यांनी सुमारे १२,००० चित्रपट जमवले; त्यांतील सुमारे ८,००० भारतीय होते. त्यांची पद्धत नामांकित गुप्तहेराला शोभणारी होती. ते निर्मात्यांची कुटुंबे, जुन्या चित्रगृहांचे मालक व गोदामांचे रखवालदार यांच्याकडे जात आणि डबे कोठे आहेत याचा माग काढत. फाळके यांच्या चित्रपटांचे उपलब्ध भागही फाळके कुटुंबीयांकडून मिळालेल्या रिळांमुळे हाती आले. नायर यांचे ४ मार्च २०१६ रोजी पुण्यात निधन झाले. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांचा ‘सेल्युलॉइड मॅन’ (२०१२) हा माहितीपट त्यांच्या या कार्यावर आहे.

कुटुंबाने धरून ठेवल्याचे दुसरे उदाहरण प्रभातचे आहे. कंपनी १९५० च्या दशकात बंद पडल्यावर तिची मालमत्ता इतरांकडे गेली. संस्थापकांपैकी विष्णुपंत दामले यांचे पुत्र अनंतराव दामले यांनी चित्रपट पुन्हा मिळवून त्यांची निगा राखली. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ मध्ये गौरवला गेलेला ‘संत तुकाराम’ (१९३६) आज नव्या पिढीला पाहता येतो, यामागे अशी चिकाटी आहे.

तिसरा मार्ग परदेशी गेलेल्या प्रतीचा. कलकत्त्याच्या मादन कंपनीचा ‘बिल्वमंगळ’ (१९१९) भारतात नाहीसा झाला होता. त्याचा काही भाग पॅरिसच्या सिनेमातेक फ्रान्सेझ या संग्रहालयात निघाला आणि २०१६ मध्ये त्याची डिजिटल प्रत पुण्यास आली. जर्मनीतील ‘नोस्फेराटू’ (१९२२) या भयपटाची गोष्ट तर याहून गमतीची आहे. ‘ड्रॅक्युला’ कादंबरीच्या हक्कांचा भंग केल्यामुळे त्याच्या सर्व प्रती नष्ट कराव्यात असा न्यायालयाचा आदेश झाला होता. काही प्रती तोवर देशाबाहेर गेल्या होत्या. मृत्युदंड झालेला हा चित्रपट आज जगभर पाहिला जातो, आणि आज्ञाधारकपणे गोदामात राहिलेले त्याचे शेकडो समकालीन नाहीसे झाले आहेत.

या उदाहरणांवरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. एकापेक्षा अधिक प्रती असाव्यात, त्या वेगवेगळ्या ठिकाणी असाव्यात आणि किमान एक थंड व कोरड्या जागी असावी. राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानातून देशातील चित्रपटांच्या डिजिटलीकरणाचे व पुनःस्थापनाचे काम हाती घेण्यात आले. २०२२ मध्ये संग्रहालयाचे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण झाले. डिजिटल प्रतही अमर नाही. साठवण यंत्रे बिघडतात, जुनी स्वरूपे कालबाह्य होतात. म्हणून ठरावीक काळाने तिचीही नवी प्रत करावी लागते.

८. वनजिल्ह्यांच्या दृष्टीने विचार :
चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत फाळके वा पेंटर यांची रिळे सापडण्याची शक्यता अल्प आहे. परंतु जतनाचा प्रश्न मोठ्या नावांपुरता नाही. शाळा, शासकीय कार्यालये व संस्था यांच्याकडे पूर्वी १६ मिलिमीटरचे माहितीपट असत. झाडीपट्टी रंगभूमीची नाटके, दंडार, मार्कंड्याची यात्रा, गोंड व माडिया समाजातील विवाहविधी यांची चित्रणे व्हिडिओ कॅसेटवर झालेली असू शकतात. कॅसेटवरील चुंबकीय थरही ओलाव्याने चिकट होऊन सुटू लागतो. त्यातच २०१६ मध्ये व्हीसीआर यंत्रांचे उत्पादन जगात थांबले. म्हणजे कॅसेट टिकली तरी ती दाखवणारे यंत्र मिळेनासे होत आहे. मूकपटांची जी अवस्था १९३१ नंतर झाली, तीच या कॅसेटांची आज होत आहे.

येथील हवामानात पुढील दक्षता घेणे उचित ठरते :

(अ) पत्र्याच्या छपराखालील खोली, माळा व पावसाळ्यात ओल धरणारी भिंत या जागा टाळाव्यात. घरातील सर्वांत थंड व कोरड्या आतल्या खोलीत, जमिनीपासून उंचावर साठा ठेवावा.
(आ) डब्यातून आंबट वास येत असल्यास ते रीळ इतरांपासून त्वरित वेगळे करावे व हवा खेळती ठेवावी.
(इ) आकसलेली वा ठिसूळ फीत प्रोजेक्टरवर चढवू नये. एका खेळाच्या हौसेपायी ती कायमची तुटू शकते.
(ई) १९५० च्या दशकापूर्वीची ३५ मिलिमीटर फीत आढळल्यास ती नायट्रेटची असू शकते. तिच्याजवळ आग नेऊ नये, जाळून परीक्षा पाहू नये आणि तज्ज्ञ संस्थेस कळवावे. ८ व १६ मिलिमीटरच्या फिती सामान्यतः सुरक्षित आधारावर असतात.
(उ) डब्यावरील चिठ्ठी, पावती, नावे व तारखा जपाव्यात. ओळख पटवण्यासाठी पुढे याच उपयोगी पडतात.
(ऊ) कॅसेटांचे डिजिटल रूपांतर करून प्रती किमान दोन ठिकाणी ठेवाव्यात आणि मूळ कॅसेटही राखावी.

महाविद्यालयांतील इतिहास, मराठी व रसायनशास्त्र या विभागांना अशा साठ्याची तालुकावार नोंद घेण्याचे काम एकत्रितपणे करता येण्यासारखे आहे. त्यास मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. आरंभी फक्त कोणाकडे काय आहे हे विचारावे लागेल. नायर यांनीही याच प्रश्नापासून सुरुवात केली होती.

निष्कर्ष :
१. जुन्या चित्रपटांच्या नाशास एकच मारेकरी जबाबदार नाही. नायट्रेट व ॲसिटेट यांनी हत्यार पुरवले, उष्ण-दमट हवेने त्याला धार लावली, चांदीच्या भावाने हेतू दिला आणि संस्थेच्या अभावामुळे दार उघडे राहिले.
२. या सर्वांमागे एक समान समजूत दिसते : खेळ संपला की चित्रपट संपला. ही समजूत हाच खरा सूत्रधार ठरतो.
३. २००३ च्या आगीत ‘आलम आरा’ जळाला हे प्रचलित विधान टिकणारे नाही. दृश्य दुर्घटनेपेक्षा दुर्लक्षाने झालेला नाश अधिक व्यापक आहे.
४. वाचलेले चित्रपट बहुतांशी कुटुंबे, संग्राहक, परदेशी संग्रहालये व योगायोग यांच्यामुळे वाचले. प्रतींची विभागणी आणि थंड, कोरडी साठवण हा बचावाचा खात्रीचा मार्ग आहे.
५. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील चित्रफिती व कॅसेटांबाबत तोच नाश आज घडत आहे. येथे मृत्यू अद्याप झालेला नाही, ही समाधानाची बाब होय. मार्कंड्याची शिल्पे वीज पडूनही टिकली. त्यांच्यासमोर भरणाऱ्या यात्रेचे पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे चित्रण मात्र एखाद्या घरातील लाकडी कपाटात, येत्या दोन-चार पावसाळ्यांत नाहीसे होऊ शकते. ते कपाट वेळेत उघडले जाणे आवश्यक आहे.